लघवीची पिशवी काढली तर माणूस जगतो का?



सालेकसा तालुक्यातल्या एका सूनबाईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मामाजी ६२ वर्षांचे. घरी थोडी धानाची शेती आहे. त्यांनी जन्मभर बिडी ओढली. रोवणीच्या दिवसांत त्यांना लघवीतून रक्त गेले. दुखले काहीच नाही, दोन दिवसांत आपोआप थांबले. उष्णता झाली असेल म्हणून धने-जिऱ्याचे पाणी दिले. दिवाळीनंतर पुन्हा रक्त आले, गाठी पडू लागल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासले. लघवीच्या पिशवीत कॅन्सर आहे, तो पिशवीच्या स्नायूत उतरला आहे, पिशवी काढून आतड्याच्या तुकड्याने लघवीला वाट करून देऊ, असे ते म्हणतात. मामाजी म्हणतात, आतड्यातून लघवी? असलं घाणीचं जगणं नको, मला घरीच राहू द्या. आम्ही काय करावे?"

ताई, आधी मामाजींची शंका दूर करू. त्यांना वाटते की अन्न, मैला आणि लघवी एकाच नळीत येणार. तसे नाही. आपले लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते. त्यातून वीतभर तुकडा कापून वेगळा करतात आणि उरलेल्या आतड्याची दोन टोके पुन्हा शिवून जोडतात. अन्नाची वाट पहिल्यासारखी चालू राहते. वेगळा केलेला तुकडा आतून स्वच्छ करून फक्त लघवीसाठी वापरतात. तो जगतो कसा? रोप मुळासकट काढले तरच ते बांधीत लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसाच हा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट ठेवतात, म्हणून तो सुकत नाही.

मूत्रपिंडातून लघवी आणणाऱ्या दोन नळ्या या तुकड्याला जोडतात. दुसरे टोक पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली, कातडीतून बाहेर काढतात. त्या लालसर तोंडावर एक पिशवी चिकटवतात. लघवी थेंब थेंब तिच्यात साठते. पिशवीच्या खालची तोटी उघडून ती दिवसातून काही वेळा रिकामी करायची आणि काही दिवसांनी पिशवी बदलायची. नीट बसवली तर वास येत नाही, सदऱ्याखाली दिसतही नाही. अंघोळ करता येते, पंगतीत बसता येते, रेल्वेने गोंदियाला जाता येते. अमेरिकेतले शल्यविशारद ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही पद्धत रूढ केली आणि आजही ती जगभर केली जाते.

दुसरी पद्धत म्हणजे पोटातच नवी पिशवी. तिला जास्त आतडे लागते, सुमारे दोन फूट. आतडे नळीसारखे ठेवले तर ते आवळत राहते आणि लघवी ढकलून देते. म्हणून ते उभे चिरून, घडी घालून, गोल पिशवीसारखे शिवतात. मग त्याच्या आवळण्याचा जोर मोडतो आणि लघवी साठते. ही पिशवी मूळ मूत्रमार्गालाच जोडतात. १९८० नंतरच्या काळात स्वित्झर्लंडचे स्टूडर आणि जर्मनीचे हाउटमन यांनी ही पद्धत पुढे नेली.

ऐकायला दुसरी पद्धत चांगली वाटते, पण ती सर्वांना चालत नाही. नव्या पिशवीला भरल्याची जाणीव नसते. घड्याळ पाहून तीन-चार तासांनी, रात्रीही उठून, बसून पोट दाबत लघवी करावी लागते. रात्री अंथरूण ओले होऊ शकते. काहींना स्वतः नळी घालावी लागते. शिवाय आतड्याचा धर्म शोषून घेण्याचा. ते लघवीतले क्षार पुन्हा रक्तात ओढते आणि रक्तात आम्ल वाढते. म्हणून मूत्रपिंडे सशक्त असावी लागतात. कोणती पद्धत योग्य, हे वय, मूत्रपिंडे आणि रोगाचा पसारा पाहून डॉक्टर ठरवतात. काही रुग्णांत पिशवी न काढता किरणोपचार करता येतात. तेही विचारून घ्या.

एक गोष्ट लपवत नाही. ही शस्त्रक्रिया मोठी आहे, धोका आहे, आणि पुरुषांना नंतर वैवाहिक जीवनात अडचण येऊ शकते. लघवीत शेंबडासारखा स्राव येईल. तो आतड्याचा आहे, घाबरू नका. पाणी भरपूर प्यावे. मूत्रपिंडाची व रक्ताची तपासणी आयुष्यभर चुकवू नये. ताप, थंडी किंवा कमरेत दुखले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोते उचलणे, नांगर धरणे डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद. पण धुऱ्यावरून फिरणे, पाण्यावर नजर ठेवणे, नातवंडे खेळवणे, हे सारे होते.

खर्चाची काळजी असेल. शिधापत्रिका घेऊन जा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. पोटावरच्या पिशव्या पुढे किती दिवस मिळतील, हेही आधीच विचारा. पिशवी बदलायला घरातल्या दोघांनी शिकून घ्यावे. हे काम एकट्या सुनेवर टाकू नये.

आता बाकीच्या वाचकांसाठी. आपला भाग तेंदूपानांचा आणि बिडीचा. बिडीचा धूर छातीपुरताच राहतो असे समजू नका. त्यातले विष रक्तात जाते, मूत्रपिंडे ते गाळतात आणि ते तासन् तास लघवीच्या पिशवीत साचून राहते. बोडीत गढूळ पाणी साचले की तळाशी गाळ बसतो, तसेच. आजही या कॅन्सरचे सर्वांत मोठे कारण धूम्रपानच आहे.

म्हणून हे पाठ करून ठेवा. लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच जावो, दुखो वा न दुखो, आपोआप थांबले तरी तपासणी करायचीच. न दुखणारे रक्त हे जास्त फसवे. रोग वरच्या थरात असताना सापडला तर बहुधा दुर्बिणीनेच खरडून काढता येतो, पिशवी वाचते. लघवी वारंवार, जळजळून होते आणि औषधाने थांबत नाही, अशा वेळी क्षयाचीही तपासणी करावी. क्षयाने पिशवी आक्रसली तर तीही आतड्याच्या तुकड्याने मोठी करतात.

ताई, हे पत्र मामाजींना मोठ्याने वाचून दाखवा. मग त्यांना विचारा, येत्या रोवणीला बांधीच्या काठावर बसून पऱ्हे मोजायला कोण आहे? निर्णय त्यांचाच. पण तो भीतीने नको, समजून घेऊन व्हावा. आणि उशीर करू नका.