हवेची नाव आणि हवेतल्या गप्पा



परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. "आबा, हवा भरायची बोट घेतोय. दिवाळीत बोर धरणावर मासेमारी, वॉटर स्पोर्ट्स, सगळं करू. रंग कोणता घेऊ?"

रंग! जन्मभर खडू झिजवला, पण असा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता. वर घरातल्या मंडळींचं म्हणणं, "घेऊ द्या की, आबा उगाच घाबरतात." मी धाम नदीत पोहायला शिकलेला माणूस आहे. मला पाण्याची नाही, तुमच्या बेफिकिरीची भीती वाटते.

एक म्हणजे, "सगळ्याला चालते" ती बोट कशालाच धड चालत नाही. गळ टाकून बसायला रुंद, कडक तळाची लागते. वल्हवायची मजा हवी तर लांबट, हलकी. आधी काय करायचं ते ठरवा. आणि हवेचा एकच कप्पा असलेली वस्तू ही बोट नव्हे, खेळणं आहे. कप्पे वेगवेगळे हवेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तारतात. माणसं किती, वजन किती, हे बोटीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. वाचायला तर आम्हीच शिकवलं ना?

दुसरं, वर्ध्याचं ऊन. सकाळी २७ अंशांत गच्च भरलेली बोट दुपारी ४७ अंशांत काठावर ठेवली, तर आतला दाब वाढून शिवण उसवू शकते. उलट, तापलेली बोट पाण्यात गार झाली की ढिली पडते. आठवीचं विज्ञान आहे हे.

तिसरं. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या ढिवराला आपण अडाणी म्हणतो. पण पाण्याखाली खुंट कुठे, वारा कधी फिरतो, हे त्यालाच ठाऊक. मला एकानं सांगितलं होतं, "गुरुजी, पाणी कोणाले ओळखत नाही." शिवाय जलाशयातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात आपले बैल सोडणं! आणि बोरला तर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. परवानगी आधी, बोट नंतर.

"जाकीट घातलं की फोटो चांगला येत नाही," हेही ऐकलं. १४ सप्टेंबर २०२१ ला झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. १२ मुलं, २ शिक्षिका. सगळ्यांच्या अंगात जाकिटं नव्हती.

माझ्या वर्गातला एक मुलगा तान्ह्या पोळ्याला नदीवर गेला, तो परत आला नाही. पट्टीचा पोहणारा होता. हजेरी घेताना त्याच्या नावापाशी मी कितीतरी दिवस अडखळत होतो. म्हणून हा खटाटोप.

असो. बाळा, जाकिटं माझ्याकडून. ती घालणार असशील तरच बोट घे. आणि रंग? केशरी घे. लांबून दिसतो.

पटलं तर कळवा. नाही पटलं तर नक्की कळवा!