बागेसमोरचा नाका



आमच्या बुधवारच्या बैठकीला एक काकू कधी चुकत नाहीत. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, त्या येतात. मध्यंतरी लागोपाठ दोन बुधवार त्या आल्या नाहीत तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. पायाला प्लास्टर, खुर्चीवर बसलेल्या, समोर निवडायला मेथी. संध्याकाळी नातवाला घेऊन बागेत निघाल्या होत्या. नाक्यावर मोटरसायकलवाल्याने धडक दिली आणि तो थांबलाही नाही. नातवाला त्यांनी मागे ढकललं म्हणून तो वाचला. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग त्यांचा मुलगा आतून बाहेर आला आणि म्हणाला, "आता आईला सांगून ठेवलंय, संध्याकाळचं बाहेर पडायचं नाही. बागेत गेलं नाही म्हणून काय अडलंय तिचं?"

मुलगा वाईट नाही. आईची काळजीच करतोय. पण परत येताना आम्हां दोघींच्या डोक्यात तेच वाक्य घोळत होतं. धडक देणारा मोकाट, त्याच रस्त्यावरून रोज जातोय, आणि घरात बसायची शिक्षा काकूंना. हा न्याय आपल्याला नवीन नाही. मुलीची छेड काढली की मुलीचा क्लास बंद होतो. इथे छेडीच्या जागी मोटरसायकल आली, एवढाच फरक.

बोईसरमधल्या त्या नाक्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर आपापला नाका येईल, तो येऊ दे. चार बाजूंनी रस्ते, एका कोपऱ्यावर बाग, जवळच शाळा आणि रिक्षाचा थांबा. झेब्रा पट्टे होते म्हणतात. आता नीट पाहिलं तर एकदोन पांढरे ठिपके सापडतात. फूटपाथ सुरू होतो आणि विजेच्या खांबापाशी संपतो. चिल्हार फाट्याकडून येणारे ट्रेलर आणि टँकर एमआयडीसीकडे जायला वळतात, आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला त्यांत कंपन्यांच्या बसेस आणि शेकडो मोटरसायकली मिसळतात. नेमक्या त्याच वेळी शाळा सुटते. त्याच वेळी पाळीवरून सुटलेल्या बाया भाजी घेऊन लोकल पकडायला किंवा घर गाठायला पळत असतात.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनाच तो पटला असं नाही. एक कार्यकर्ती स्पष्टच म्हणाली, "आपल्याकडे मारहाणीच्या केसेस पडून आहेत, पोटगीच्या तारखा आहेत, आणि आपण गतिरोधकाच्या मागे लागायचं? हे काम नगरसेवकाचं." तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आपली ताकद थोडी आहे, ती कुठे लावायची हे ठरवावंच लागतं. (बोईसरने शहराएवढा पसारा ग्रामपंचायतीच्या कारभारातच वाढवला, त्यामुळे नगरसेवक शोधायचा कुठे, हा प्रश्न वेगळाच.) पण मग आम्ही एक साधी गोष्ट केली. घरात गाडी कोण चालवतं आणि पायी कोण जातं, हे एकेकीने सांगायचं. बहुतेक घरांत मोटरसायकल होती. ती सकाळी नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर जाते. उरलेला सगळा दिवस, म्हणजे शाळा, दळण, रेशन, दवाखाना, बँक, बचतगट, सासूबाईंची गोळी, हा सगळा प्रवास पायी होतो, आणि बहुतेक वेळा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल असतं. मोटरसायकल एकदा जाते, एकदा येते. बाई नाका दिवसातून सहा-आठ वेळा ओलांडते. आक्षेप घेणारी कार्यकर्ती हे मोजताना गप्प झाली, कारण तिचाच आकडा सर्वांत मोठा निघाला.

केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाचा अहवाल सांगतो की २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. पाच मृत्यूंतला जवळजवळ एक. ज्यांनी वेग घेतला नाही, पेट्रोल जाळलं नाही, कुणाला कट मारला नाही, त्यांच्यातले हे मृत्यू. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. महामार्ग पुलापाशी अरुंद होतो, त्याची चर्चा झाली, मागच्या सीटवरच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण त्याच महामार्गाच्या कडेला डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आदिवासी बाया रस्ता ओलांडायला ताटकळत उभ्या असतात. त्यांना बांधायला कुठलाही पट्टा नाही. त्यांच्यासाठी रस्त्याची रचनाच बदलावी लागेल, आणि ती चर्चा त्या वर्षी झाली नाही.

वेगाचा हिशोब सोपा आहे, गटात सांगून बघा. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. चालवणाऱ्याला माणूस दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावर २८ मीटरच्या आसपास लागतात. तीच गाडी ताशी ३० ने आली तर १३ मीटरमध्ये थांबते. भरलेल्या टँकरला याहून जास्त अंतर लागतं, पावसात आणखी जास्त. आता बाईचं चालणं बघा. रस्ते आखणारे इंजिनिअर माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. १४ मीटर रुंद रस्ता तो १२ सेकंदांत ओलांडेल. नातवाचं बोट धरलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आमच्या काकू त्याच्या निम्म्याच वेगाने चालतात. त्यांना २३-२४ सेकंद लागतात. रस्ता ज्याच्यासाठी आखला तो माणूस तरुण आहे, धडधाकट आहे, त्याच्या हातात पिशवी नाही. तो कोण, हे सांगायला नको.

मग उपाय काय? पहिला उपाय गावोगाव एकच सुचतो: "गतिरोधक टाका." टाकतातही, एका रात्रीत, डांबराची उंच वरवंट्यासारखी पट्टी. इंडियन रोड्स काँग्रेसचा १९८८ चा नियम सांगतो की गतिरोधक गोलसर हवा, ३.७ मीटर लांबीचा आणि १० सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे गाडी ताशी २५ वर येईल पण आदळणार नाही. आपल्याकडच्या उभ्या पट्टीवर मोटरसायकल आदळली की पडते कोण? मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर मूल घेतलेली बाई. गरोदर बाईला रिक्षात काय होतं, ते तुम्हांला माहीत आहे. तेव्हा मागताना नुसता गतिरोधक मागू नका, मापासकट मागा. त्याच्या आधी फलक हवा, वर रंग हवा आणि रात्री दिसेल असा दिवा हवा. आणि गाडीचाच विषय निघाला म्हणून सांगते: मागे बसणाऱ्याला धरायला कडी आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाला आवरण असणं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. ते 'बरं दिसत नाही' म्हणून काढून टाकणारे नवरे-मुलगे आपल्याच घरांत आहेत.

दुसरा उपाय सुचतो तो पादचारी पुलाचा. हा फार गोड उपाय आहे, कारण त्यात गाडीवाल्याला काहीच करावं लागत नाही. खालून ट्रेलर जाईल एवढा उंच पूल म्हणजे ४० च्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. प्लास्टरवाल्या काकूंनी? डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेतलेल्या कोळणीने? रात्रपाळीवरून एकटी येणारी मुलगी त्या अंधाऱ्या पुलावर पाऊल ठेवणार नाही, आणि खालून ओलांडताना तिला काही झालं तर लोक म्हणतील, पूल असून वापरला नाही. आम्ही मागतोय ते खालचं: फूटपाथच्याच उंचीवर उचललेले झेब्रा पट्टे, म्हणजे गाडीला चढावं लागेल, बाईला नाही. रस्त्याच्या मध्ये क्षणभर थांबायला सुरक्षित जागा. शाळेच्या आणि पाळीच्या वेळेला वाहतूक पोलीस. आणि खांबापाशी न संपणारा फूटपाथ. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळ्याविना, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्जात हे वाक्य जरूर घाला.

इथे आमच्यात दुसऱ्यांदा वाद झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. फूटपाथ मोकळा करा म्हटलं की पहिली गाडी येते ती भाजीवाल्या बायांच्या पाट्या उचलायला. बागेच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या तिघी-चौघी आमच्या ओळखीच्या आहेत. दिवसभर त्या तिथे असतात म्हणूनच मुलींना तो कोपरा सुरक्षित वाटतो, हे आमच्यातल्या कॉलेजच्या मुलींनीच सांगितलं. फूटपाथवर चढवून लावलेल्या मोटारीला मात्र कुणी हात लावत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसह समिती असते, त्यातल्या एक तृतीयांश प्रतिनिधी बाया असाव्यात असं म्हटलंय; पण तो कायदा नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीसाठी. पालघरच्या भाजीवालीला त्याचा आधार आहे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत बसणारीला नाही. म्हणून आम्ही असं ठरवलं: आमच्या अर्जात त्या बायांची जागा आखून मागायची, आणि अर्जावर त्यांच्याही सह्या घ्यायच्या. एकीला भीती वाटते की सही केली तर आपल्यालाच आधी उठवतील. तिची भीती खोटी आहे असं मला सांगता आलं नाही.

बागेचंही एक सांगायचं आहे. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली बागेत येईनाशा होतात, मुलगे येतच राहतात. त्यांनी १९९९ पासून काही बागांची रचना बदलून पाहिली, आणि पुढे मारियाहिल्फ नावाच्या भागात पायी चालणाऱ्या बायांना डोळ्यांसमोर ठेवून फूटपाथ रुंद केले, दिवे वाढवले. आपली मुलगी बागेत का जात नाही, हे विचारायला व्हिएन्नाला जायला नको. तिला विचारा. पण बागेत जिमची साधनं बसवताना आपल्याकडे हे कुणी विचारलं नाही, आणि बागेपर्यंतचा रस्ता तर बागेच्या खर्चात धरलाच जात नाही.

अर्ज द्यायला आम्ही निघालो तेव्हा समजलं की या नाक्याला मालकच नाही. एका कार्यालयात सांगितलं, डांबर आमचं पण पट्टे आमचे नाहीत. दुसरीकडे, दिवे आमचे पण खांब त्यांचे. तिसऱ्या टेबलावर, "बाई, तिथे अजून कुणी मेलं आहे का?" असं विचारलं. साहेबांना आकडा हवा होता. पाय मोडलेला आकड्यात येत नाही, घरात बसवलेली तर मुळीच नाही. तेव्हा तुम्ही अर्ज लिहाल तेव्हा आधी माहितीच्या अधिकारात विचारा की रस्त्याची मालकी कुणाची. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. २०१४ च्या १ ऑगस्टला आपला जिल्हा झाला, आता त्यासाठी ठाण्याला जावं लागत नाही, कोळगावला जावं लागतं. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती कागदावर होऊ देऊ नका, तिथे ठराव घ्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे न बांधल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर बांधणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार नाही, पण कार्यालयात हे कलम नुसतं उच्चारलं तरी खुर्ची जरा पुढे सरकते.

आणि जिथे उशीर झालाच आहे, तिथल्यासाठी. ठोकर मारून गाडी पळाली, नंबर मिळाला नाही, तरी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. त्याआधी मृत्यूची किंमत २५ हजार होती. अर्ज त्या तालुक्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. काकूंच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. गाडी सापडली तर दावा न्यायाधिकरणात जातो, आणि तिथे बाई गृहिणी असेल तर "तिचं उत्पन्न काय" हा प्रश्न येतो. २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला: घरकामाला बाया रोज २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. मोल धरताना हा आकडा आपल्या वकिलासमोर ठेवा. आपण वीस-पंचवीस वर्षं बैठकांत जे सांगत आलो, ते निदान मृत्यूनंतरच्या हिशोबात तरी उतरू लागलंय.

ट्रॅफिक वाढणारच आहे. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झालं, बंदर महामार्गाला जोडायला ३२ किलोमीटरचा रस्ता आखला आहे. बंदराला आपल्यातल्या अनेकींचा विरोध आहे आणि कोळणींचा लढा या पानांवर येत राहील. पण ट्रेलर बंदराच्या आधीच आपल्या नाक्यावर पोचलेत.

या अंकासोबत एक कोरा कागद जोडला आहे. त्यावर आपल्या नाक्याचं चित्र काढा, सुबक नसलं तरी चालेल. कुठून ओलांडता, कुठे थांबता, कुठे परत फिरता, आणि त्या नाक्यामुळे घरातल्या कुणाचं कुठे जाणं बंद झालं, ते लिहा. दिवाळीच्या आत पाठवा. आमच्या नाक्याचं चित्र काकूंनीच काढलं आहे, खुर्चीवर बसून, मेथीच्या कागदाच्या मागच्या बाजूला. बागेचं फाटक त्यांनी फार मोठं काढलंय, आणि रस्ता कागदात मावलेलाच नाही.