गोल न करणाऱ्याची निवृत्ती



खेळाडू निवृत्त झाला की वर्तमानपत्रे त्याचे गोल मोजतात, धावा मोजतात, बळी मोजतात. पण ज्याचे काम समोरच्याला गोल करू न देणे एवढेच असते, त्याचे काय मोजायचे? फ्रान्सचा बचावपटू लिलियन थुराम २००८ साली आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाजूला झाला, तेव्हा आम्हा चाहत्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. आज इतकी वर्षे झाली, तरी आमच्या मंडळींत फुटबॉलचा विषय निघाला की त्या निवृत्तीवरून वाद होतोच. म्हणून यावेळचे सदर थुरामसाठी.

१७ जून २००८ च्या रात्री झुरिच येथे युरो स्पर्धेत फ्रान्सचा संघ इटलीकडून २-० असा हरला आणि साखळीतच गारद झाला. थुराम त्या सामन्यात मैदानावर नव्हताच. राखीव खेळाडूंच्या बाकावर तो बसून होता. त्याआधी चार दिवस, १३ जूनला बर्न येथे, तो कर्णधार म्हणून उतरला होता आणि हॉलंडने फ्रान्सचा ४-१ असा धुव्वा उडविला होता. तो त्याचा १४२ वा सामना, आणि तोच शेवटचा. फ्रान्सतर्फे एवढे सामने तोवर कोणीही खेळले नव्हते. परंतु ना हारतुरे, ना निरोपाचा सामना. इटलीकडून हार झाल्यावर थुराम आणि माकेलेले या दोघा जुन्या खेळाडूंनी जाहीर केले की, यापुढे आम्ही राष्ट्रीय संघाकडून खेळणार नाही. झाले, संपले.

हा थुराम कोण, कुठला? त्याचा जन्म १ जानेवारी १९७२ चा. १ जानेवारी म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भीमा कोरेगावचा विजयस्तंभ येतो आणि १९७२ म्हटले की दलित पँथर. हा निव्वळ योगायोग, पण तारीख लक्षात ठेवायला बरी. ग्वाडेलूप नावाचे फ्रान्सच्या ताब्यातील एक बेट कॅरिबियन समुद्रात आहे. उसाच्या मळ्यांत राबविण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे ते बेट. तेथील गुलामगिरी १८४८ साली कायद्याने संपली, पण गरिबी काही कायद्याने संपत नाही. थुरामच्या आईने पाच लेकरे एकटीने वाढविली. लोकांच्या घरची साफसफाई करून तिने संसार ओढला. पुढे पोटासाठी ती पॅरिसकडे गेली आणि मागाहून मुलांना बोलावून घेतले. लिलियन तेव्हा नऊ वर्षांचा होता.

पॅरिसजवळच्या शाळेत वर्गातील मुले त्याला एका गाईच्या नावाने चिडवू लागली. तेव्हा टीव्हीवर दोन गाईंचे एक कार्टून लागत असे. त्यातली पांढरी गाय शहाणी आणि काळी गाय मठ्ठ. मुलांनी काळीचे नाव याला चिकटविले. थुरामने पुढे अनेकदा सांगितले आहे की, ग्वाडेलूपमध्ये तो फक्त एक मुलगा होता, काळा तो नवव्या वर्षी पॅरिसला आल्यावर झाला. घरी येऊन त्याने आईला विचारले, असे का? आईने सांगितले की लोक असेच असतात आणि ते काही बदलायचे नाहीत. त्या माउलीला दुसरे काय सांगता येणार होते? पण मुलाचे समाधान झाले नाही. गोणपाटावर बसून शिकलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट ज्या घरांत लेकरांना सांगितली जाते, त्या घरांत हे सारे फोड करून सांगण्याची गरज नाही.

आता खेळाकडे वळू. १९९८ चा विश्वचषक फ्रान्समध्येच झाला. ८ जुलैला उपांत्य सामन्यात फ्रान्सची गाठ क्रोएशियाशी होती. आपल्याकडे सामना सुरू झाला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आवाज बारीक करून, घरच्यांची झोपमोड होऊ न देता ज्यांनी तो सामना पाहिला, ते तो आजन्म विसरणार नाहीत. मध्यंतरानंतर लगेच क्रोएशियाच्या शुकेरने गोल केला. आणि त्यात उणे कोणाचे? थुरामचे. बचावफळी एका रेषेत पुढे सरकते, म्हणजे मागे राहिलेला विरोधी खेळाडू ऑफसाइड ठरतो. थुराम एक पाऊल मागे राहिला आणि शुकेर मोकळा सुटला.

पुढे जे घडले ते पाहण्यासारखे होते. एका मिनिटाच्या आत थुरामने क्रोएशियाचा कर्णधार बोबान याच्या पायातील चेंडू त्यांच्याच गोलजवळ हिसकावला, जोर्कायेफकडे दिला, परत घेतला आणि गोल केला. सत्तराव्या मिनिटाला त्याने लांबून, आणि तोही डाव्या पायाने, दुसरा गोल मारला. उजव्या पायाचा हा बचावपटू! गोल झाल्यावर तो गुडघ्यावर बसला आणि ओठांवर बोट ठेवून गंभीर चेहऱ्याने विचार करू लागला, जणू हे कोणी केले याचा त्याला स्वतःलाच पत्ता नाही. पुढे ब्लाँला लाल कार्ड मिळाले, तरी दहा जणांनी ती आघाडी टिकविली. फ्रान्स २-१ ने जिंकला आणि १२ जुलैला ब्राझीलला ३-० असे नमवून विश्वविजेता झाला.

१४२ सामन्यांत थुरामचे एकूण गोल दोनच, आणि ते दोन्ही त्या एकाच रात्रीचे. म्हणून लोक त्याला त्या दोन गोलांवरून ओळखतात. आमच्या मते ही ओळख अपुरी आहे. त्या विश्वचषकात फ्रान्स सात सामने खेळला आणि त्याच्यावर अवघे दोन गोल झाले, त्यांतील एक तर पेनल्टीचा. थुराम, ब्लाँ, डेसाई आणि लिझाराझू या चौघांच्या भिंतीने ही करामत केली. त्या स्पर्धेत उत्कृष्ट खेळाडूंमध्ये थुरामला तिसरा क्रमांक मिळाला तो काही केवळ दोन गोलांमुळे नव्हे.

आम्ही पडलो कारकून. आमच्या खतावणीत जे आले ते जमा आणि जे गेले ते नावे. पण जे नुकसान टळले, त्याची नोंद कोणत्या पानावर करायची? तसे पान कुठल्याच वहीत नसते. रेल्वेच्या रुळांवरून पहाटे चालत जाणारा गँगमन घ्या, गटारात उतरणारा सफाई कामगार घ्या, रात्रपाळीची आया घ्या. सर्व सुरळीत चालले आहे तोवर यांचे नाव कोणी घेत नाही. एक दिवस काही बिघडले की मात्र सर्वांची बोटे त्यांच्याकडे वळतात. बचावपटूचे अगदी असेच आहे. नव्वद मिनिटे त्याने अडवले ते कोणी पाहत नाही, एक पाऊल चुकले तेवढे सारे जग पाहते. आमच्या वस्त्यांतील माणसांना थुराम जवळचा वाटला, त्याचे एक कारण हे असावे.

आता निवृत्तीचा मुद्दा. थुराम एकदा नव्हे, दोनदा निवृत्त झाला. २००४ च्या युरो स्पर्धेत ग्रीसकडून हरल्यानंतर त्याने राष्ट्रीय संघाला रामराम केला होता. पुढच्या वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संघ अडचणीत आला, तेव्हा ऑगस्ट २००५ मध्ये झिदान आणि माकेलेले यांच्यासोबत तो परतला. तेहतीस वर्षांच्या बचावपटूने परत येणे म्हणजे हसे करून घेणे, असे म्हणणारे थोडे नव्हते. पण हीच मंडळी २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली. ९ जुलैला बर्लिन येथे इटलीशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर ५-३ असा पराभव झाला. झिदान त्या दिवशी लाल कार्ड घेऊन कायमचा बाहेर गेला. थुराम मात्र थांबला, आणखी दोन वर्षे खेळला.

आमच्यातील वाद येथेच सुरू होतो. काहींचे म्हणणे, त्याने बर्लिनलाच थांबायला हवे होते. अंतिम सामना खेळून जाणे कुठे आणि चार गोल खाऊन जाणे कुठे! दुसऱ्या बाजूचे म्हणतात, तो राहिला म्हणून सामन्यांचा विक्रम झाला. आम्हाला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. विक्रम काय, मोडण्यासाठीच असतात. गोलरक्षक लॉरिसने २०२२ च्या विश्वचषकात तो मोडलाच. आणि शिखरावर असताना निघून जाणे हे सर्वांनाच परवडते असेही नाही. बर्नच्या त्या सामन्यात नेहमीचा कर्णधार व्हिएरा दुखापतीमुळे खेळू शकत नव्हता. संघ बुडत असताना दंडावर कर्णधाराची पट्टी बांधून कोणीतरी उभे राहायचे होते, आणि छत्तीस वर्षांचा थुराम उभा राहिला. त्याची इतकी वर्षांची कमाई त्या चार गोलांनी वाहून जात नाही. कुटुंबावर वाईट दिवस येतात तेव्हा घरातला वडीलधारा माणूस, आपले नाव खराब होईल म्हणून, बाहेर निघून जातो काय?

पण त्याचबरोबर हेही खरे की, आपली वेळ संपली हे कळल्यावर तो एक दिवसही रेंगाळला नाही. आपल्याकडे जयंती मंडळाचे अध्यक्षपद पंधरा-पंधरा वर्षे एकाच हाती राहते. तरुण पोरे पताका बांधून म्हातारी होतात, पण माइक काही त्यांच्या हाती येत नाही. गरज पडली तर परत यावे, अडचणीत उभे राहावे आणि काम झाले की जागा मोकळी करावी. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने करून दाखविल्या. म्हणून ही निवृत्ती आम्हाला पराभवाची वाटत नाही.

मैदानाबाहेर तो गप्प बसणारा नव्हता. २००५ च्या ऑक्टोबरअखेर पॅरिसच्या गरीब उपनगरांत दंगल उसळली. गृहमंत्री सार्कोझी यांनी तेथील तरुणांबद्दल अपमानकारक शब्द वापरले, तेव्हा थुरामने जाहीरपणे उत्तर दिले की, मीही अशाच वस्तीत वाढलो आहे. आधी हा राग का उसळला ते विचारा. २००६ मध्ये काशाँ या गावातील एका इमारतीतून कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना पोलिसांनी बाहेर काढले. थुराम आणि व्हिएरा यांनी त्यांतील अनेकांना ६ सप्टेंबरच्या फ्रान्स-इटली सामन्याला पाहुणे म्हणून बोलावले. ज्यांना देशात राहण्याचा कागद नाही, ती माणसे देशाच्या सर्वांत मोठ्या मैदानावर सन्मानाने बसली. पुढाऱ्यांनी टीका केली, पण थुराम मागे हटला नाही.

आंतरराष्ट्रीय निवृत्तीनंतर पॅरिसच्या एका क्लबकडून खेळण्याचा त्याचा विचार होता. परंतु वैद्यकीय तपासणीत हृदयाचा दोष निघाला आणि ऑगस्ट २००८ मध्ये खेळणेच थांबले. त्याच वर्षी त्याने वंशभेदाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली. तो शाळाशाळांतून जातो आणि मुलांना सांगतो की, द्वेष घेऊन कोणी जन्माला येत नाही, तो शिकविला जातो. शाळेत काळ्या माणसाचे नाव फक्त गुलामगिरीच्या धड्यात ऐकले, याची त्याला खंत होती. म्हणून २०१० मध्ये त्याने काळ्या स्त्री-पुरुषांच्या कर्तृत्वावर पुस्तक लिहिले. २०११ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या संग्रहालयात त्याच्या पुढाकाराने एक प्रदर्शन भरले. वसाहतींतील माणसांना आणून प्राण्यांसारखे कुंपणात ठेवून कसे दाखवीत, याचे ते प्रदर्शन होते. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये असे दाखविले गेलेल्यांत, विश्वविजेत्या संघातील त्याचा सहकारी करेम्ब्यू याचे पूर्वजही होते. आईने ज्या प्रश्नापुढे हात टेकले होते, त्याचे उत्तर मुलगा अशा रीतीने देत राहिला.

थुरामने थोरल्या मुलाचे नाव मार्कस ठेवले, काळ्यांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या नावावरून. हा मार्कस २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सकडून खेळला. बापासारखाच तोही पेनल्टींवर हरला. धाकटा केफ्रेनही फ्रान्सचा खेळाडू झाला. मार्कस पुढच्या फळीत खेळतो, गोल करतो. बापाच्या वाट्याला न आलेले काम मुलाच्या वाट्याला आले, याचा आम्हा जुन्या चाहत्यांना फार आनंद वाटतो.

शेवटी पालकांना एक सांगणे. गल्लीत फुटबॉलचे संघ पाडले जातात तेव्हा ज्याला बरे खेळता येत नाही असे समजतात, त्याला मागे उभे करतात. आपले पोर असे मागे उभे राहून हिरमुसले होऊन घरी आले, तर त्याला थुरामची गोष्ट सांगा. १४२ सामने आणि गोल फक्त दोन, हे आकडे सांगा. आणि एखाद्या दिवशी ते शाळेतून येऊन दुसरा प्रश्न विचारील, मला त्या नावाने का हाक मारतात म्हणून, तेव्हा लोक असेच असतात एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. हातातले काम बाजूला ठेवा, त्याला जवळ बसवून घ्या आणि वेळ लागला तरी पूर्ण उत्तर द्या.

जयभीम.