चाळीस अंशातली लस

हडपसरहून सोलापूर रस्त्याने निघाले की पाटसला बारामतीचा फाटा फुटतो आणि तोच महामार्ग पुढे इंदापूरला जातो. या दोन तालुक्यांत बी.फार्म.ला प्रवेश घेणाऱ्या मुलाला घरात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : मेडिकल कधी टाकणार? दुकान टाकण्यात गैर काही नाही. पण औषधनिर्माणशास्त्र काउंटरच्या अलीकडेच संपते असा समज मात्र त्यातून पक्का होतो. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचे कार्यकारी संचालक डॉ. राजीव ढेरे यांची कारकीर्द या समजाला छेद देणारी आहे.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी ठरलेल्या. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे २५ हजार मृत्यू झाले. तेथील देशांची मागणी स्पष्ट होती : लस अर्ध्या डॉलरच्या आत हवी. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना हा धंदा परवडणारा वाटला नाही. मग ‘पाथ’ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा संयुक्त प्रकल्प पुण्यात आला. जंतूच्या शर्करायुक्त आवरणाला धनुर्वाताच्या लशीतले प्रथिन जोडण्याची पद्धत अमेरिकी औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी दिली. नुसत्या शर्करेने लहान मुलांत टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही, प्रथिन जोडले की येते. प्रयोगशाळेतली ही जोडणी कोट्यवधी डोसांच्या उत्पादनात उतरवण्याचे काम ढेरे व सहकाऱ्यांनी केले. ‘मेनआफ्रिवॅक’ डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत दिली जाऊ लागली. २०१७नंतर त्या पट्ट्यात ‘अ’ गटाच्या मेंदूज्वराचा एकही खात्रीशीर रुग्ण नोंदला गेलेला नाही. इतर गटांचे जंतू उरले; त्यांच्यासाठीच्या पाच गटांच्या ‘मेनफाइव्ह’ला जुलै २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि मार्च २०२४मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरली. भाव आधी आणि शास्त्र नंतर, हा उलटा क्रम इथे यशस्वी ठरला.

आपल्याकडच्या वाचकाला जास्त जवळचा वाटावा असा भाग मात्र वेगळाच आहे. उजनीच्या काठावरच्या गावात लसीकरणाचा दिवस असला की प्राथमिक आरोग्य केंद्रातून बर्फाच्या पाकिटांचा डबा निघतो. दोन ते आठ अंश ही मर्यादा, बाहेर एप्रिल-मेचे ऊन, आणि वीज गेली तर केंद्रातल्या फ्रिजची चिंता. आफ्रिकेतही तीच अडचण होती. २०१२मध्ये मेनआफ्रिवॅकला चाळीस अंशांपर्यंत चार दिवस शीतसाखळीबाहेर ठेवण्याची परवानगी मिळाली आणि बेनिनमध्ये दीड लाखाहून अधिक लोकांना ती तशी टोचली गेली. अशी मुभा मिळालेली ती पहिलीच लस. लशीत बदल झाला नव्हता. बदलले ते लेबल. उष्णतेत ती किती टिकते याची आकडेवारी तपासली गेली, भारताच्या औषध नियंत्रकांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्य केली, इतकेच.

याला स्थिरता चाचणी म्हणतात. बारामतीत शिका की इंदापुरात, बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात हा विषय असतोच. परीक्षेपुरता वाचून मुले तो पुढे सोडून देतात.