शिक्षा आणि शिक्षण

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेला रस्ता निफाड मागे टाकून विंचूरला पोहोचतो, तेथे लासलगावचा रस्ता त्यास येऊन मिळतो. कांद्याच्या हंगामात या ठिकाणी घटकाभर उभे राहणाऱ्यास आपल्या वाहतुकीचे संपूर्ण दर्शन घडते. विंचूरच्या उपबाजाराकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर, लांब पल्ल्याचे मालट्रक, एस. टी.च्या गाड्या, शाळेतून परतणारी मुले आणि दोघांना मागे बसवून एका हाताने मोबाईल कानाशी धरलेला दुचाकीस्वार, हे सारे एकाच डांबरी पट्ट्यावरून आपापली वाट काढीत असतात. बहुधा ती निघते. निघत नाही तेव्हा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळींची बातमी येते. याच रस्त्यावर, नाशिक शहराच्या वेशीत, 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे खासगी बस आणि मालट्रक यांची टक्कर होऊन बस पेटली व बारा जण प्राणांस मुकले. तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. परंतु हळहळ ओसरल्यावर वाहन चालविणाऱ्यांच्या वागण्यात काय पालट झाला, हा प्रश्न उरतोच.

2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे अपघातांत मेली. त्यांतील 15,224 महाराष्ट्रातली होती. हेल्मेट न घालता मृत्यू पावलेल्यांची देशातील संख्या 50,029 होती. विंचूर हे पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याचे गाव. पानिपताचे दुःख महाराष्ट्र अडीच शतकांनंतरही विसरलेला नाही. मात्र दरसाल रस्त्यांवर होणारा हा संहार आपण दैवाच्या खाती टाकून मोकळे होतो.

यावर सरकारचा नेहमीचा उपाय म्हणजे दंड. 1 सप्टेंबर 2019 पासून दंडाच्या रकमा पुष्कळ वाढल्या. तथापि दंडाचा एक अंगभूत दोष आहे. धनिकास तो केवळ बेशिस्तीचा भाव वाटतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्यास तो एका दिवसाच्या अन्नावर पडलेला दरोडा वाटतो. पहिल्यास दंड झोंबत नाही, दुसऱ्यास तो न्याय्य वाटत नाही. शहाणा मात्र दोघांपैकी कोणीच होत नाही. शिवाय कॅमेऱ्याने टिपलेला दंड गाडीच्या मालकाच्या नावे निघतो. तो थकतो, साचतो आणि पुढे लोकअदालतीत तडजोडीने मिटतो. चूक करणारा चालक या साऱ्या व्यवहारात कोठेच नसतो.

म्हणूनच अन्य देशांनी परवान्यावरील दोषांकांची पद्धत स्वीकारली. जर्मनीत ती 1974 पासून आहे. तेथे आठ दोषांक झाले की परवाना जातो. परंतु पाचापर्यंत दोषांक असलेला चालक स्वेच्छेने शिक्षणवर्ग पुरा करून एक अंक कमी करून घेऊ शकतो, आणि तोही पाच वर्षांत एकदाच. फ्रान्समध्ये परवान्यावर बारा अंक जमा असतात. गुन्ह्यागणिक ते घटतात आणि दोन दिवसांच्या वर्गाने चारपर्यंत परत मिळविता येतात. श्रीमंत आणि गरीब यांचे अंक सारखेच असतात, हे या पद्धतीचे मर्म आहे.

आपल्याकडे 2014 च्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्यात दोषांक होते. ते विधेयक कायद्यात उतरले नाही. 2019 च्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट मात्र केली. निलंबित झालेला परवाना चालकाने उजळणीचा शिक्षणवर्ग यशस्वीपणे पुरा केल्यावाचून परत मिळू नये, असे तिने ठरविले. शिक्षण हवे, हे कायद्याने मान्य केले; परंतु ते परवाना गेल्यानंतर. आमचे म्हणणे असे की, ते त्याआधी मिळाले पाहिजे.

ही कल्पना परकी आहे, असेही नाही. 2021 साली नाशिक शहरात हेल्मेटविना फिरणाऱ्या दुचाकीस्वारांना ‘नाशिक फर्स्ट’च्या वाहतूक शिक्षण उद्यानात नेऊन दोन तास समुपदेशन देण्याचा प्रयोग झाला. त्यावेळी अनेकांनी नाके मुरडली. पैसे घ्या, पण वेळ घेऊ नका, असे म्हणणारेही थोडे नव्हते. दंडापेक्षा दोन तासांचे शिक्षण लोकांस अधिक जड वाटावे, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला, आणि जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. लोक संतापले आणि तो संताप योग्यच होता. शिक्षण हा न्यायाला पर्याय होऊ शकत नाही. माणूस मेल्यावर किंवा मद्य पिऊन गाडी हाकल्यावर शिक्षाच हवी; तेथे दोषांक घटविण्याची भाषा कोणी काढू नये. शिक्षणाची जागा लहान चुकांपाशी आहे, कारण मोठ्या अपघातांची पूर्वतयारी लहान चुकांतच होत असते.

आणि ते शिक्षण खरे असले पाहिजे. शुल्क भरून प्रमाणपत्र हाती पडणार असेल, तर तो दंडाचाच दुसरा अवतार ठरेल आणि दलालांची एक नवी पंगत बसेल. वर्ग मराठीत असावा, त्याच्या शेवटी परीक्षा असावी आणि ती नापास करणारी असावी. सवलत काही वर्षांतून एकदाच मिळावी. दोषांक मालकाच्या नव्हे, तर चालकाच्या नावे लागावेत, आणि चुकीच्या नोंदीविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. वर्ग तालुक्याच्या गावी भरावा. विंचूरच्या ट्रॅक्टरचालकास त्यासाठी नाशिकला हेलपाटे घालावे लागले, तर तो शिकणार नाही, पळवाट शोधील. रात्री ट्रॉलीमागे परावर्तक पट्टी का लावावी, हे त्यास बाजार समितीच्या आवारातही शिकविता येईल.

शिक्षा आणि शिक्षण हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवणच होती. मराठीत तिचा अर्थ पालटून दंड झाला. रस्त्यावर माणसे जगावयाची असतील, तर त्या शब्दास त्याचा जुना अर्थ परत मिळवून दिला पाहिजे. सरकारने दोषांकांचा कायदा करावा आणि त्याच्या बरोबरीने शिकविण्याची जबाबदारीही उचलावी. नागरिकांनी मात्र त्या कायद्याची वाट पाहत बसू नये. हेल्मेट आरशास अडकविण्यासाठी नसून डोक्यावर घालण्यासाठी आहे, हे शिकण्यास कोणत्याही विधेयकाची आवश्यकता नाही.