पोरगा लागला का?

आमच्या वऱ्हाडात वयात आलेल्या मुलाची चौकशी एकाच प्रश्नाने होते. लग्नाच्या मांडवात, एस. टी.च्या रांगेत, तेरवीच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी वडिलांना गाठतो आणि विचारतो, "काऊन जी, पोरगा लागला का?" कशाला लागला, हे सांगावे लागत नाही. मराठीत दिवा लागतो, भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, आंब्याचे कलम लागते. पण वऱ्हाडातला पोरगा लागतो तो नोकरीलाच, आणि तीही कायमच्या. खाजगी दुकानात बारा वर्षे हिशेब लिहिणारा पोरगा 'करते काहीतरी' या सदरात मोडतो. तो लागलेला नसतो. आणि लागला नाही तोवर तो पोरगाच असतो, मग त्याचे केस का पिकेनात!

दर आठवड्याला या पानावर मी एखाद्या शब्दाची खोडी काढीत असतो. दिवाळी अंकात संपादक जागा सढळ हाताने देतात, म्हणून यंदा आमच्या घरातलाच शब्द घेतला आहे. कारण सांगण्यास संकोच वाटतो, पण सांगतो. माझे वय पंचेचाळीस. मराठी विषयात एम. ए., वर सेट उत्तीर्ण. अमरावतीत सतरा वर्षे महाविद्यालयांतून शिकवितो. आणि मी अद्याप लागलेलो नाही.

माझ्या नेमणुकीचे नाव 'तासिका तत्त्वावर'. 'तत्त्व' हा शब्द इतक्या स्वस्तात वापरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. जुलैत मुलाखत, मग आदेश, मग वेळापत्रकात आठवड्याचे नऊ तास; जेवढे तास घ्यावे तेवढ्याचे पैसे, सुटीचे नाहीत; मार्चात आदेश संपतो आणि पुढल्या जुलैत पुन्हा तीच मुलाखत. ज्यांनी गेल्या वर्षी मला आपल्या डब्यातली भाकरी वाढली तेच यंदा गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "आपला परिचय द्या." बिल बहुधा दिवाळी उलटल्यावर निघते. कॉलेजांची नावे सांगत नाही. पुढल्या जुलैत पुन्हा जायचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ जागांना मंजुरी दिली, तेव्हा आमच्या घरी पेढ्यांची भाषा झाली होती. पेढे राहिले.

बाबांना या साऱ्या प्रकाराचे मनापासून आश्चर्य वाटते. ते अकोल्याला राहतात. तिथले कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले आणि १९७१ साली बाबा तिथे कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. सेवायोजन कार्यालयातून नाव गेले, टंकलेखनाची परीक्षा झाली, आणि बाविसाव्या वर्षी माणूस छत्तीस वर्षांसाठी निर्धास्त झाला. तो काळच तसा होता. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, मागोमाग विद्यापीठ आले, १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. वऱ्हाडात कचेऱ्यांची जणू पेरणी झाली, आणि ज्यांचे वय त्या पावसात विशीचे होते ते उगवून आले. पण हे बाबांपुढे बोलण्याची सोय नाही. त्यांच्या मते ते सारे काटकसरीने झाले.

काटकसर होती, हे नाकारीत नाही. ते नोकरीभर सायकलने कचेरीत गेले. कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेने गावाबाहेरचे एक शेत घेतले, त्यात तीस बाय पन्नासचा तुकडा बाबांनी साडेचार हजारांत घेतला. भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढली, आईच्या पाटल्या गेल्या, आणि १९८४ साली पाया खणला. पाया म्हणजे काय, ते अकोल्याच्या काळ्या मातीत घर बांधल्याखेरीज कळत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात अशी भेगाळते की वीतभर काठी आत जावी. कापसाला ती लक्ष्मी, घराला वैरीण. मुरूम येईपर्यंत खोल जावे, भराव घालावा, तरी भिंत तडकायची ती तडकतेच. विहिरीचे पाणी खारे. बांधकामाला मारायचे गोडे पाणी आई सार्वजनिक नळावरून कळशीने आणी. दोन खोल्यांना तीन वर्षे लागली. वरचा मजला अजून व्हायचा आहे. त्याच्या लोखंडी सळया मात्र गच्चीवर तेव्हापासून उभ्या आहेत.

वास्तुशांतीला मी सात वर्षांचा होतो. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्या दिवशी बाबांना विचारले, "मायी खाट कोठी टाकू?" जन्मभर ज्याने सांगितले आणि इतरांनी ऐकले तो माणूस मुलाला जागा विचारीत होता. बाबा त्या दिवशी मोठे झाले, असे मला आज वाटते. तेव्हा मी लाडू मोजीत होतो.

आता माझे. साईनगर भागात दोन खोल्यांचा एक फ्लॅट गेल्या वर्षी आम्ही पाहिला. भाड्याच्या घरांत आमची सात बिऱ्हाडे झाली; मुलीने प्रत्येक घराच्या दारावर आपली उंची पेन्सिलीने लिहिली आणि प्रत्येक घरमालकाने ती पुसायला लावली. बँकेत गेलो. कर्ज देणारा तरुण माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. "सर, सॅलरी स्लिप?" मी आदेशांची चवड पुढे केली: सतरा. त्याने आदराने पाहिली आणि आदराने परत केली. "वडिलांची पेन्शन आहे," मी म्हणालो. "त्यांचे वय?" "शहात्तर." कर्ज वीस वर्षांचे होते. आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहू लागलो.

घरी आल्यावर मी सौ.ला म्हणालो, "आमच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या गाडगेबाबांनी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःला घर बांधले नाही." ती म्हणाली, "त्यांच्या मागे घरमालक नव्हता." ती विनाअनुदानित शाळेत शिकविते; तत्त्वज्ञान तिला परवडत नाही.

शेवटी एकच वाट उरली. अकोल्याचे घर विकावे, त्या पैशात अमरावतीचा फ्लॅट घ्यावा आणि बाबांना इकडे आणावे. आई गेल्यापासून ते एकटेच आहेत. तेव्हा गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधीच, घर आवरण्याच्या निमित्ताने, मी अकोल्याची एस. टी. धरली. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एकेरी डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरली आणि गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी बाबांशी बोलायची वाक्ये जुळवीत होतो. रस्ता संपला, वाक्ये जुळली नाहीत.

विषय काढण्याआधीच बाबांनी काढला, म्हणजे नेहमीचा. "अरे बाबू, म्या कारकुनाच्या पगारात घर बांधलं. तू प्रोफेसर असून तुले दोन खोल्या नाई घेता येत? तुमचं सगयं मोबाईलात अन् हाटेलात जाते." मी म्हणालो, "बाबा, मला महिन्याचा पगार नाही, तासांचे पैसे मिळतात." "तेच तर म्हनतो. लागाले पाह्यजे होतं." जणू मी सतरा वर्षे लागायचे विसरलो होतो! मी मग निवृत्तिवेतनाचे काढले. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नेमलेल्यांना अंशदानाची योजना आली, उद्या लागलो तरी तुमच्यासारखी पेन्शन नाही, मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता, वगैरे. "तू होता का संपात?" त्यांनी विचारले. नव्हतो. जो लागलाच नाही त्याने संप कशाचा करावा? घर विकण्याची गोष्ट तिथेच राहिली. मी शिडी लावून माळा काढू लागलो.

माळ्यावर आबाजींची पत्र्याची पेटी होती. आबाजी कापडगिरणीत होते. अकोल्यात सावतराम मिल होती, मोहता मिल होती. १९७४ साली केंद्र सरकारने आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या त्यांत अकोल्याचीही नावे होती. आज त्या भोंग्यांची आठवण सांगणारे थोडे उरले आहेत. आबाजी कोणत्या गिरणीत होते ते सोडून देऊ. आम्हांला एवढेच ठाऊक की ते 'पर्मनंट' होते. हा शब्द ते असा उच्चारीत की जणू मिळालेली पदवीच. कोणी नाव विचारले की नावाच्या आधी तो शब्द येई. सतराव्या वर्षी लग्न, तीन भावांचा संसार अंगावर, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात सारी हयात. आणि तरीही माणूस ताठ चाले, कारण तो पर्मनंट होता.

पेटीत धोतर, चंची, पंढरपूरची एक माळ, आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेले एक पुठ्ठ्याचे कार्ड. वर आबाजींचे नाव, आणि छापील अक्षरांत 'बदली'. खाली महिन्यांच्या चौकटी, चौकटींत शिक्के. ज्या दिवशी काम मिळाले त्या दिवशी शिक्का. १९४९ च्या ऑगस्टात अकरा. सप्टेंबरात सात. एका महिन्यात दोनच. बाबा १९४९ चे. शेवटचा शिक्का १९५३ चा. पहिले पान फाटलेले असल्याने हे किती वर्षे चालले होते ते कळत नाही.

बदली कामगार म्हणजे काय हे नव्या वाचकांना सांगायला हवे. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, मेला, तर त्याच्या सांच्यावर उभा राहणारा तो बदली. पहाटे भोंग्याआधी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे, जॉबर किंवा टाइमकीपर बोट दाखवील ते आत, उरलेले घरी. काम मिळाले तर पैसे, नाही तर आल्या वाटेने परत. आबाजी मी लहान असतानाही पहाटे साडेचारला अंगणात येऊन उभे राहत. आम्ही समजत होतो, म्हाताऱ्याला झोप येत नाही.

बाबांनी चष्मा काढून कार्ड डोळ्यांजवळ नेले. बराच वेळ ते शिक्के मोजीत होते. मग म्हणाले, "मले माईत नोतं." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "म्हनजे बुढाबी तासावरच होता म्हन की."

अमरावतीला परतल्यावर हे प्रकरण डोक्यातून जाईना, म्हणून मी एका वकील मित्राकडून कायदा समजून घेतला. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली. तिने बदली कामगाराची ओळख लिहून ठेवली, आणि वर म्हटले की एक वर्ष सलग सेवा झाली की ले-ऑफच्या भरपाईपुरते त्याला बदली समजू नये. एक वर्ष! मी आपली सतरा मोजली. मित्र हसला. "तू कामगार नाहीस. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. त्याचे काम थोर आहे." पुढे तो कायदाही गेला आणि नवी संहिता आली, ती गोष्ट वेगळी. पण फाटकाशी उभ्या असलेल्या आबाजींना निदान एक नाव होते. मला थोरपण आहे, आणि ते बँकेत चालत नाही.

मला वाटते, आमच्याकडे हिशेब चुकतो तो इथे. आम्ही बाबांचे आयुष्य मोजपट्टी म्हणून धरतो आणि तिच्यापुढे मला उभा करून किती बोटे कमी पडलो ते पाहतो. आजोबा या पट्टीवर कधी मोजलेच जात नाहीत, कारण त्यांनी आपली फाटकाबाहेरची वर्षे मेणकापडात गुंडाळून ठेवली होती. बाबांच्या बाविसाव्या वर्षी जो दरवाजा उघडा होता तो त्यांच्या वडिलांना कितीतरी पहाटा बंद दिसला होता, आणि मला सतरा जुलै दिसतो आहे. यात बाबांच्या सायकलीचा आणि आईच्या कळशीचा मान कमी होत नाही. कळशी जड होतीच.

पाडव्याला शेजारचे एक निवृत्त गृहस्थ फराळाला आले. चकलीचा तुकडा मोडून त्यांनी मला न्याहाळले आणि बाबांना ठरलेला प्रश्न विचारला, "काऊन जी, पोरगा लागला का?" मी स्वयंपाकघरात पाणी आणायला उठलो. ही माझी जुनी युक्ती आहे. आतून ऐकले; बाबा म्हणत होते, "कामाले जाते ना रोज. शिकवते. तुमी चिवडा घ्या."

निघताना त्यांनी एस. टी. स्थानकापर्यंत पिशवी धरली. गाडी फलाटाला लागली तेव्हा म्हणाले, "घर विकाचं म्हनत होता ना? विकू. पन पह्यले भेगा बुजवून घेऊ, नाईतर गिऱ्हाईक भाव पाडते." मी तो विषय तोंडाने काढलेलाच नव्हता.

तेव्हा दिवाणखान्याच्या भेगा आम्ही बुजविल्या. गेल्या मे महिन्यात स्वयंपाकघराची भिंत तडकली. या पाडव्याला जाताना पुट्टीचा डबा नेतो आहे.