राज्यकर्ते आणि विठ्ठलाची महापूजा

आषाढी एकादशीच्या पहाटे राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक श्रीविठ्ठलाची महापूजा करतात, आणि त्याच घटकेस गोपाळपूरच्या बाजूस लांबलेल्या दर्शनरांगेत हजारो वारकरी तिष्ठत उभे असतात. ही दोन्ही दृश्ये आमच्याच सोलापूर जिल्ह्यात एकाच रात्री घडतात. छायाचित्रे मात्र पहिल्याचीच झळकतात.

राज्यकर्त्याने विशेष प्रसंगी देवद्वारी जावे, ही रीत केवळ आपलीच नव्हे. इंग्लंडात राजा हा तेथील चर्चचाही प्रमुख. म्हणून तिसऱ्या चार्ल्स राजांचा राज्याभिषेक ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील उपासनेतच झाला. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीस सेंट पॉलच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा तिच्या हीरकमहोत्सवाची प्रार्थना त्या पायऱ्यांपाशीच उरकण्यात आली आणि राणी बग्गीतून उतरलीही नाही. राजाच धर्मप्रमुख असेल तेथे हे शोभून जाते! आपले मुख्यमंत्री मात्र कोणत्याही धर्मपीठाचे अधिपती नव्हेत. १९७३ च्या कायद्याने पंढरपूरच्या मंदिराशी शासनाचा जो संबंध जडला, तो व्यवस्थेचा होय. पूजेतील अग्रमान त्यातून आपोआप उपजत नाही.

मग ही शासकीय पूजा बंद करावी काय? आम्ही तसे म्हणणार नाही. मुख्यमंत्र्यांसमवेत रांगेतील एक वारकरी दांपत्य पूजेस बसते, आणि आमच्या मते या पूजेचे खरे समर्थन तेवढेच आहे. २३ जुलै २०१८ ची आषाढी आठवावी. मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी विरोधाचा इशारा दिल्यामुळे मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस पंढरपुरास आले नाहीत. त्यांनी मुंबईत निवासस्थानीच विठ्ठलाची पूजा केली. पंढरपुरी मानाच्या वारकरी दांपत्याच्या हस्ते महापूजा यथासांग पार पडली. मुख्यमंत्र्यांवाचून पूजेत काही उणे राहिले, असे कोणा वारकऱ्याने म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वारकरी नसता, तर ती पूजा कोणाच्या वतीने झाली असती?

याच मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राण पणास लावून उपोषण केले. दार उघडले. त्याच दारात अधिकारपदाच्या जोरावर मागून येऊन पुढे जाणाऱ्यांची नवी उतरंड रचली जावी, हे आम्हांस खटकते. मुख्यमंत्र्यांपेक्षाही त्यांच्यामागून शिरणारा लवाजमा अधिक खटकतो. मंत्री, आमदार, अधिकारी आणि त्यांचे आप्तेष्ट यांना त्या घटकेस गाभाऱ्यात काय काम?

मुख्यमंत्र्यांनी अवश्य यावे. परंतु सोबत मानाचे दांपत्य व पुजारी यांवाचून कोणी नसावे आणि पूजा चालू असता मुखदर्शनाची रांग क्षणभरही अडू नये. मंदिर समितीनेही एकादशीनंतर एक साधे निवेदन प्रसिद्ध करीत जावे: महापूजेच्या वेळी आत किती माणसे होती, ती कोणाच्या परवानगीने शिरली आणि बाहेरची रांग किती मिनिटे थांबली.